‘आपण मूळचे कुठले?’

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत नवा पाहुणा आला म्हणजे पाण्याचा तांब्या पुढे करता करताच त्याला विचारले जाते, ‘आपण मूळचे कुठले?’ कोणी वाई सांगतो, कोणी सातारा, कोणी राजापूर. पाच-सहा पिढ्या विश्वामित्रीच्या काठी गेल्या, घरातली मुले आपापसांत गुजरातीत भांडतात, तरी ‘मूळचे’ गाव आपण सोडीत नाही. या प्रश्नात अगत्य आहे. विचारणाऱ्याला उत्तर ऐकायला सवड आहे, एवढे तरी त्यातून कळते.

सकाळी साडेसात-आठच्या सुमारास शहरातल्या कोणत्याही कडिया नाक्यावरून जावे. थापी, ओळंबा, फावडे, पाटी घेऊन बायामाणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात. एखादीच्या झोळीत मूल असते. त्यांना विचारला जाणारा प्रश्न निराळा : ‘काय घेशील?’ रोज ठरला की टेंपोत चढायचे. त्यांचे मूळ गाव कोणी विचारीत नाही, आणि कोठे लिहूनही ठेवीत नाही. वास्तविक ते फार लांबचे नाहीत. कोणी दाहोदचे, कोणी अलीराजपूर-झाबुव्याचे, कोणी छोटा उदेपूरचे. छोटा उदेपूर १५ ऑगस्ट २०१३ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला; तोपर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होते. म्हणजे ज्या राठव्याला आपण ‘बाहेरचा मजूर’ म्हणतो, तो परवापर्यंत आपल्याच कलेक्टरच्या अमलाखाली होता. मौज अशी की, सहा पिढ्यांपूर्वी कृष्णाकाठाहून आलेले आपण मात्र इथले!

परक्या माणसाचे या शहराला वावडे नव्हते. माझ्या धंद्यातलेच उदाहरण देतो. सयाजीरावमहाराजांचा पहिला विवाह १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला; त्याच बडोद्याच्या पहिल्या चिमणाबाई. त्या सोयरिकीतून तंजावरच्या नर्तिका, त्यांचे नट्टुवनार आणि साथीदार बडोद्याला आले. गौरा आणि कांतिमती ही त्यांतल्या दोघींची नावे. भाषा तमिळ, गाणे कर्नाटकी, रीतीभाती साऱ्या निराळ्या. राणीसाहेब १८८५ साली निवर्तल्या, ताफा मात्र इथेच राहिला. त्या परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर पुढे या शहराचे नृत्यगुरू झाले आणि ‘तंजोरकर’ हे आडनाव आपल्याला जोशी-शिंद्यांइतकेच घरचे वाटू लागले. मौलाबक्ष उत्तरेकडचे, म्हैसूरपर्यंत फिरून ते इथे स्थिरावले आणि १८८६ साली बडोद्यात गायनशाळा निघाली. फैयाजखाँसाहेब आग्र्याचे. यांतला एकही ‘मूळचा’ बडोद्याचा नव्हे.

या सर्वांना शहराने सामावून घेतले ते कशाच्या बळावर? महाराजांच्या कलाप्रेमाचे पोवाडे आपण पुष्कळ गातो, आणि ते खोटेही नाहीत. परंतु त्या प्रेमाला एक कचेरी होती. तिचे नाव कलावंत खाते. त्या खात्याचे छापील नियम होते : हजेरी कोणी केव्हा द्यावी, रजा किती, गैरहजेरीला दंड काय. गवई, बीनकार, नर्तिका, सनईवाले सगळ्यांना एकाच नियमावलीत बसवणे कित्येक उस्तादांना मानहानीचे वाटले असेल. दंडाची कलमे वाचली तर आजही अंगावर येतात. तरीही आपला पगार कोणत्या कचेरीतून यायचा आणि तो न आल्यास कोणाच्या टेबलापुढे उभे राहायचे, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

माझे वडील राजवाड्याच्या पदरी वाजवीत. संस्थान विलीन होऊन बराच काळ लोटला होता, मानधन नावापुरते उरले होते, पण सणावाराचे वादन चालू होते. ते सांगत की आजोबा इकडे आले तेव्हा त्यांना गुजरातीचे एक अक्षर वाचता येत नव्हते. तरी पहिल्याच आठवड्यात नाव हजेरीपटावर चढले, ठरल्या तारखेला पगार हातात पडला आणि मुले शाळेत गेली. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण अमरेलीत १८९३ पासून आणि सबंध राज्यात १९०६ पासून लागू होते. मुलगा घरी ठेवून सांगतो कोणाला! हजेरीपट, पगार आणि शाळा या तीन गोष्टींनी आजोबा बडोदेकर झाले. महाराजांइतकेच मला त्या खात्यातल्या अनामिक कारकुनाचे आभार मानावेसे वाटतात.

आज नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे असे एक खाते नाही. तो निम्मा मजूर खात्याचा, थोडा आरोग्य खात्याचा, थोडा पुरवठा खात्याचा. त्याचे मूल शिक्षण खात्याचे, त्याची झोपडी महापालिकेची, आणि राज्याची सीमा ओलांडून आला असेल तर तो दोन सरकारांचा, म्हणजे बहुधा एकाचाही नव्हे. प्रत्येक खात्याजवळ त्याच्यासाठी काहीतरी ठेवलेले असते, पण ती खाती एकमेकांशी बोलत नाहीत. सगळे साथीदार तयारीचे असले तरी ज्याने त्याने आपापल्या षड्जात वाद्य लावले तर मैफल काय होईल, ते सांगायला नको.

न बोलण्याचे फळ केवढे कडू असते, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोध्रा-बालासिनोरकडच्या गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत अलीराजपूर, झाबुवा, धार या भागांतले आदिवासी कामाला येत. दगडाची ती बारीक भुकटी फुप्फुसात बसते. तिला सिलिकोसिस म्हणतात, आणि तिच्यावर औषध नाही. माणूस धापा टाकीत गावी परते. तिकडचा डॉक्टर त्याला क्षयाची औषधे देई, कारण तो इकडे काय काम करीत होता हे कागदावर कोठेच नव्हते. इकडे कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. आजार एका राज्यात, कारखाना दुसऱ्या राज्यात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. पैसे देण्याचा आदेश व्हायला सर्वोच्च न्यायालयात २०१६ साल उजाडले. एका नावाची नोंद दोन दवाखान्यांत आणि एका मजूर कचेरीत वेळेवर झाली असती, तर पहिल्या दहा मृत्यूंनंतरच कोणाला तरी शंका आली असती.

आता दुसरी बाजू सांगतो. तिच्यासाठी सुरतेला जावे लागेल. गायनाच्या परीक्षा घेण्याच्या निमित्ताने माझे तिकडे जाणे होते. सुरत महापालिकेची शिक्षण समिती सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवते : गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू. कोणा भाषाप्रेमी सभेने ठराव केला म्हणून हे झाले नाही. गंजम जिल्ह्यातले उडिया लोक यंत्रमागांवर आले, तेलंगणातले पद्मशाली विणकर आले, आणि ताप्तीच्या खोऱ्यातल्या रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून आपले खानदेशी आले. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरावे, अर्धी बोलणी अहिराणीत ऐकू येतात. यंत्रमागावरच्या माणसाला बारा बारा तासांची पाळी असते. एकाने अंथरूण सोडले की दुसरा त्यावर निजतो. अशा घरातल्या मुलाने परक्या भाषेत पहिली यत्ता काढावी ही अपेक्षाच चुकीची. सुरतेच्या समितीने त्याला त्याच्या भाषेतला मास्तर दिला.

उधन्याच्या बाजूला एका शाळेत मी मराठी वर्गाची प्रार्थना ऐकली. सूर जरा चढा होता, काळी चारच्या आसपास. एवढ्या मुलांना तो झेपत नव्हता, म्हणून खाली उतरवून दिला. मुले घरी अहिराणी बोलणारी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती. प्रार्थना संपली आणि दोन मुली पायरीवर बसून शेजारच्या वर्गातल्या मुलांकडून ऐकलेले उडिया गाणे म्हणू लागल्या. उच्चार सारे खानदेशी, पण ठेका अचूक. बडोद्याच्या आपल्या मराठी शाळांचे वर्ग रोडावत चालले, त्याबद्दल आपण दर संमेलनात हळहळतो. सुरतेत मराठी वर्ग मजुरांच्या मुलांनी धरून ठेवले आहेत, हे मात्र त्या हळहळीत कोणी बोलत नाही.

सुरतेला हे शहाणपण स्वस्तात आले नाही. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगात लाखो माणसे शहर सोडून पळाली. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत महापालिकेने शहर घासून काढले, तेव्हा मजुरांच्या वस्तीतले गटार हा उद्योगाचाही प्रश्न आहे हे सर्वांना पटले होते. एवढे असूनही एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत त्याच शहरातले उडिया कामगार ‘घरी पाठवा’ म्हणून रस्त्यावर उतरले. शाळा, दवाखाना असून भागले नाही; महिन्याचा रोज बंद पडल्यावर त्यांना विचारणारा कोणी नव्हता, आणि कोण कोठला किती दिवसांचा उपाशी आहे याची यादी कोणत्याच कचेरीत नव्हती. असंघटित कामगारांच्या नोंदीसाठी केंद्र सरकारने ई-श्रमची व्यवस्था सुरू केली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे सगळे पायी चालून झाल्यावर.

उसाच्या फडाकडे वळू. गणदेवी आणि महुवा ही आपल्या जुन्या नवसारी प्रांतातली गावे; सोनगड तर गायकवाडांचे मूळ ठाणे. या पट्ट्यातल्या सहकारी साखर कारखान्यांसाठी दिवाळीनंतर डांग, तापी, नंदुरबार, धुळे इकडून तोडणीवाले येतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, जोडीचे नाव ‘कोयता’. धान्यासाठी मिळणारी खावटी हिशेबात व्याजासकट कापली जाते. तोडणीचा किमान दर टनाला २३८ रुपये होता. सरकारने तो २०२३ साली ४७६ रुपये केला, आणि तोही मजुरांच्या संघटनेने वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यावर. कापडाच्या पालात चार-पाच महिने काढून ही माणसे होळी-उन्हाळ्याच्या सुमारास परततात. शाळेचे वर्ष जूनचे, उसाचे वर्ष दिवाळीचे. दोहोंच्या कात्रीत मूल सापडते.

या कात्रीवर निघालेला उपाय साधा आहे, म्हणूनच मला आवडतो. गाव सोडताना मुलाला शाळेतून एक कार्ड मिळते. पडावाजवळच्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचे, हजेरी लावायची, आणि परतताना ते कार्ड मूळ शाळेत जमा व्हायचे. म्हणजे नाव पटावरून जात नाही. गुजरातेत याला स्थलांतर-कार्ड म्हणतात, महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक. २०१० साली अमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्यानेही दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. मराठवाड्यात आणखी एक वाट आहे, हंगामी वसतिगृहाची : आईबाप तोडणीला गेले तरी मूल गावातच राहते आणि शाळेतच जेवते. दोन्हींत मला दुसरी अधिक पटते, कारण आठ वर्षांच्या मुलाला फडावर नेले की कार्ड खिशात राहते आणि धाकटे भावंड कडेवर येते. आणि नंदुरबारचे मूल सुरत जिल्ह्यातल्या खेडेगावच्या शाळेत बसलेच, तरी अक्षरांना शिरोरेघ नसलेली गुजराती त्याच्यापुढे येते. ते बिचारे सवयीने रेघ काढते आणि चूक ठरते. तिथे मराठी जाणणारा एक माणूस रोज तासभर बसला, तर कार्डाचे चीज होईल.

दोन सरकारांनी मनावर घेतले तर काय घडते, याचेही उदाहरण याच सीमेवरचे आहे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी गुजरात आणि महाराष्ट्र यांच्यात एकमेकांची शिधापत्रके चालू लागली. त्याच दिवशी आंध्र आणि तेलंगण यांच्यातही. धुळ्याच्या कार्डावर सुरतेच्या दुकानात धान्य मिळू लागले. २०२२ च्या मध्यापर्यंत ही सोय सबंध देशात पोचली. आता अंगठ्याचा ठसा उमटत नाही, दुकानदार ‘पुढच्या महिन्यात ये’ म्हणतो, या तक्रारी आहेतच. पण शिधापत्रिका म्हणजे आपल्या गावाशी जन्माची गाठ, ही समजूत मोडली.

आपल्या नाक्यावर परत येऊ. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला. इमारतीच्या खर्चावर उपकर बसतो आणि त्यातून मंडळ योजना चालवते. धन्वंतरी आरोग्य रथ नाक्यावर येऊन तपासणी करतो. श्रमिक अन्नपूर्णा योजनेत २०१७ साली १० रुपयांत जेवण मिळत असे. कोरोनात बंद पडलेली ही योजना ऑक्टोबर २०२२ मध्ये ५ रुपयांत पुन्हा सुरू झाली. परंतु मजुराचे बहुतेक हक्क ई-निर्माण कार्डाला बांधलेले, आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा पुरावा हवा. नाक्यावरचा माणूस नव्वद दिवसांत चाळीस मालक पाहतो. त्यांतला कोण त्याला लिहून देणार? आणि कार्डासाठी कचेरीत गेले की तो दिवस बुडाला. दुसऱ्यांदा बोलावले की दोन बुडाले. कचेरीच्या वेळा आणि नाक्याच्या वेळा एकच आहेत, हे ठरवणाऱ्यांच्या लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही.

एका सकाळी मात्र मी वेगळे दृश्य पाहिले. जेवणाचे टपरीवजा केंद्र, शेजारी आरोग्याची गाडी, आणि तिसऱ्या टेबलावर एका सेवाभावी संस्थेची दोन पोरे अर्ज भरून देत बसलेली. मुलगी भिलीत बोलत होती. टेंपो येईपर्यंतच्या तासाभरात माणसे जेवण बांधून घेत, रक्तदाब तपासून घेत आणि अर्जावर अंगठा देऊन जात. कोणाचाही रोज बुडाला नाही. त्या टेबलांमध्ये अंतर पाच पावलांचे होते. तेवढे अंतर तोडायला तीन खात्यांना किती पत्रे लिहावी लागली असतील, देव जाणे.

राजस्थानातली आजीविका ब्यूरो ही संस्था २००५ पासून याच धोरणाने चालते : मजुराच्या गावी एक केंद्र, तो जातो त्या अहमदाबाद-सुरतेत दुसरे. गावी ओळखपत्र करून द्यायचे, शहरात मजुरी बुडाली तर तंटा सोडवायचा. केरळात एर्नाकुलम जिल्ह्याने २०१७ साली ‘रोशनी’ नावाचा उपक्रम काढला. तिथे बंगाल, बिहार, ओरिसाकडच्या मजुरांची मुले आहेत. जिल्हा प्रशासन, शिक्षण खाते आणि कोचीचा तेलशुद्धीकरण कारखाना यांनी मिळून शाळा भरण्यापूर्वी दीड तासाचा वर्ग आणि न्याहारी सुरू केली. शिकवणारी माणसे मुलांच्या भाषा जाणणारी. आधी त्यांच्या भाषेत बोलायचे आणि हळूहळू मल्याळममध्ये आणायचे. आमच्या विद्येत नवा राग शिकवताना शिष्याला येणाऱ्या रागावरूनच वाट काढतात, त्यातलाच हा प्रकार. न्याहारी कोणाच्या डोक्यातून निघाली ते कळले नाही, पण वर्ग भरला तो निम्मा तिच्यामुळे असावा.

यात आपला, म्हणजे जुन्या मराठी घरांचा, वाटा काय? देणग्या आपण देतो. गणपतीत मजुरांना प्रसादही वाटतो. मला वाटते आपल्याजवळ तीन गोष्टी पडून आहेत. पहिली, मराठी आणि गुजराती दोन्ही सारख्या लिहिणारे निवृत्त कारकून, तलाठी, शिक्षक; ९० दिवसांचा दाखला कसा मिळवावा आणि कोणत्या खिडकीवर द्यावा, हे यांच्याइतके कोणाला कळते? दुसरी, घरे बांधून घेणारे आपणच. कामावर आलेल्या कडियाला दोन ओळी आणि सही द्यायला मालकाचे काय जाते? तिसरी, आपल्या मंडळांच्या आणि वाचनालयांच्या खोल्या, ज्या वर्षातले तीनशे दिवस कुलपात असतात. खानदेशातून आलेल्या मुलांसाठी संध्याकाळी तासभर मराठी-गुजराती दोन्ही लिप्यांचा वर्ग तिथे भरू शकतो. गाणे शिकवायला मी आहे. तबलेवाल्या दोघा विद्यार्थ्यांनी कबूल केले आहे. न्याहारीचे मात्र कोणीतरी पाहिले पाहिजे.

दिवाळी झाली की आठवड्याभरात नाके भरतात आणि होळीच्या आधी ओस पडतात. ढोल वाजू लागला की त्या माणसांना कोणताही मुकादम अडवू शकत नाही. म्हणजे हाती महिने चार-साडेचार. आमच्या आळीतल्या वाचनालयाची मागची खोली संध्याकाळी पाच ते सात रिकामी असते. चिटणीसांना विचारले, ते म्हणाले, कार्यकारिणीपुढे लेखी अर्ज ठेवा. अर्ज दिला आहे.